तालुक्यात मानसिक आरोग्याचं काम एकमेकांना जोडून कसं करायचं: गोव्यात नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

हे मी अशा लोकांसाठी लिहितेय जे नुकतेच एखाद्या संस्थेत काउन्सेलर म्हणून लागलेत, किंवा पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) नवीन मेडिकल ऑफिसर म्हणून आलेत, किंवा शाळेत समुपदेशक आहेत, आणि ज्यांना आता जाणवायला लागलंय की आपल्याकडे आलेला माणूस पुढे पाठवला की त्याचं काय झालं ते आपल्याला कळतच नाही. मी डिचोली-सत्तरी भागात हे काम करते. सुरुवातीला जे कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं ते सगळं इथे क्रमाने लिहिलंय.

गोव्यात सेवाच नाहीत असं म्हणायला जागा नाही. बांबोळीला मानसोपचाराची अख्खी सरकारी संस्था आहे, आयपीएचबी, तिच्या जवळच जीएमसी म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजचं इस्पितळ. म्हापशाला आणि मडगावला जिल्हा इस्पितळं आहेत, पर्वरीला मानसिक आरोग्यावर काम करणारी संगाथ ही संस्था आहे, आत्महत्या रोखण्यासाठी काम करणारी कूज आहे, 14416 वर टेलिमानस ही सरकारी हेल्पलाइन आहे. तरीही माणूस मधेच गळतो. वाळपईच्या पलीकडच्या वाड्यावरून एकदा बांबोळीला जाऊन यायचं म्हणजे बस बदलून अख्खा दिवस जातो, एका माणसाचा रोज बुडतो, आणि तिथून परत आल्यावर गावातल्या कोणालाच माहीत नसतं की तिकडे काय ठरलं. मी तरी सगळ्यात जास्त माणसं इथेच हरवताना बघितलीत. त्यामुळे तालुका पातळीवर खरं काम आहे ते ही मधली जागा भरायचं.

1. आधी फिरा आणि लिहून काढा

एक साधी वही घ्या. तालुक्यात कोण कोण आहे ते लिहा: पीएचसी, सीएचसी (सामुदायिक आरोग्य केंद्र), उपकेंद्रं, खाजगी डॉक्टर, फार्मसी, शाळा, अंगणवाड्या, पोलीस स्टेशन, पंचायत, देवस्थान समिती, चर्च, स्वयंसहाय्य गट, दारू सोडलेल्यांची एएची मीटिंग जवळपास कुठे भरते ते. प्रत्येकापुढे संस्थेचं नाव लिहून थांबू नका, माणसाचं नाव, फोन, कुठल्या वारी भेटतो आणि कुठली भाषा बोलतो ते लिहा. नुसत्या संस्थांची यादी रात्री आठ वाजता काहीच कामाची नसते.

भाषेचा कॉलम हसण्यावारी नेऊ नका. पेडणे, डिचोली, सत्तरीत मराठी-कोंकणीवर भागतं, पण मुरगावात किंवा वेर्ण्याच्या कारखान्यांच्या आसपास कन्नड आणि हिंदी बोलणारी कामगार कुटुंबं खूप आहेत आणि त्यांच्यासाठी बोलणारं माणूस आधीच शोधून ठेवावं लागतं.

खाजगी डॉक्टरांना बरेच जण विसरतात. गावातल्या माणसाला छातीत धडधड, झोप नाही, अंग दुखतंय, पोटात आग, असं काही झालं की तो आधी तिथेच जातो, घरचा डॉक्टर म्हणून, आणि त्याच्या मागे मनाचं काही असलं तरी वर्षभर त्यावर ॲसिडिटीच्या गोळ्याच चालू असतात.

आणि डीएमएचपीखाली म्हणजे जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली मानसोपचारतज्ज्ञांची ओपीडी कुठल्या केंद्रात कुठल्या वारी असते ते स्वतः जाऊन विचारा. वार बदलतात. भिंतीवरच्या जुन्या कागदावर विश्वास ठेवू नका.

2. पीएचसीच्या डॉक्टरांना भेटा

सकाळी ओपीडीत जाऊन उभं राहू नका, दुपारी गर्दी ओसरल्यावर जा, आणि पावसाळ्यात डेंग्यूचे दिवस चालू असतील तर दोन आठवडे थांबा, काही बिघडत नाही. एकच गोष्ट मागा: आठवड्यातून एक दुपार, दार बंद होईल अशी एक खोली. बॅनर, उद्घाटन, शिबिर यातलं काही पहिल्या भेटीत काढू नका.

डॉक्टर विचारतीलच की काउन्सेलर बसवून काय होणार. तेव्हा सांगायला गोव्याचंच उदाहरण आहे. मानस नावाचा अभ्यास इथेच झाला, 24 केंद्रांत, त्यातली निम्मी सरकारी आणि निम्मी खाजगी डॉक्टरांची, 2010 मध्ये तो लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. त्यात प्रशिक्षण दिलेला स्थानिक आरोग्य समुपदेशक, केंद्राचा डॉक्टर आणि अधूनमधून येणारा मानसोपचारतज्ज्ञ अशी तिघांची जोडणी होती, साध्या त्रासाला समुपदेशन आणि गरज वाढली की पुढची पायरी. सरकारी केंद्रांत त्याने नैराश्य आणि चिंतेचे पेशंट स्पष्टपणे जास्त बरे झाले, खाजगीत तसा फरक दिसला नाही. नंतर गोव्यातल्याच 10 पीएचसीत नैराश्यासाठी सहा ते आठ बैठकांचं समुपदेशन तपासलं गेलं, तेही मानसोपचारतज्ज्ञ नसलेल्या लोकांनी दिलेलं, आणि तेही उपयोगी ठरलं. म्हणजे आपण काही हवेतलं मागत नाही आहोत, हे आपल्याच पीएचसींमध्ये करून झालेलं आहे.

संस्थेतून येत असाल तर पीएचसीत बसायला लेखी परवानगी लागते, ती कांपालच्या आरोग्य संचालनालयातून. डॉक्टरांनी तोंडी हो म्हटलं तरी पत्र घ्याच, कारण डॉक्टरांची बदली होते आणि नवीन डॉक्टर पहिला प्रश्न हाच विचारतात.

3. पहिली बैठक लहान ठेवा

पाच-सहा माणसं पुरेत: मेडिकल ऑफिसर, एक एएनएम (उपकेंद्राची नर्स), एक अंगणवाडी सेविका, शाळेचा समुपदेशक, एक खाजगी डॉक्टर आले तर फारच उत्तम, आणि तुम्ही. पोलीस, पंच वगैरेंना दुसऱ्या-तिसऱ्या वेळी बोलवा. चवथीच्या आधीचे पंधरा दिवस आणि शिगम्याचे दिवस टाळा.

विषय एकच ठेवा. प्रत्येकाने एक अडकलेली केस आणायची, नाव-गाव न सांगता, आणि सांगायचं की ती नेमकी कुठे अडकली. औषध संपलं आणि आणायला कोणी नाही, की मुलगी शाळेत येते पण आईवडील भेटायला येत नाहीत, की बांबोळीहून काय सांगितलं तेच माहीत नाही. तासाभरात फळ्यावर कुठे कुठे अडकतं ते दिसतं आणि बहुतेक वेळा दोन-तीन जागाच पुन्हा पुन्हा येतात. पुढच्या महिन्याची तारीख तिथेच ठरवून उठा, उदाहरणार्थ दर महिन्याचा दुसरा गुरुवार. तारीख नंतर फोनवर ठरवू म्हटलं की बैठक मेली म्हणून समजा.

4. दोन भागांची चिठ्ठी

या सगळ्या लेखातलं एकच काही करणार असाल तर हे करा.

नेहमीची रेफरल चिठ्ठी एकाच दिशेने जाते. आपण लिहितो, माणूस घेऊन जातो, तिकडे केसपेपरला टाचली जाते, संपलं. आमच्याकडे आम्ही ए-फोर कागद मधून दुमडून दोन भाग करतो. वरच्या भागात पाठवणारा लिहितो: त्रास काय, कधीपासून, आतापर्यंत काय केलं, चालू गोळ्या (बीपी-शुगरच्यासुद्धा), घरी कोण सोबत असतं, आणि आपला नेमका प्रश्न काय आहे. खालचा भाग कोरा जातो आणि तिकडच्या डॉक्टरांनी भरून माणसाच्याच हातात परत द्यायचा असतो, त्यात फक्त चार ओळी: काय वाटतं, काय औषध आणि किती दिवस, पुन्हा कधी बोलावलंय, गावात आम्ही काय बघायचं. चारच. आम्ही आधी मोठा फॉर्म केला होता, तो गर्दीच्या ओपीडीत कोणी भरत नाही हे उघडच आहे, चार ओळी मात्र भरून येतात.

शेवटची ओळ सगळ्यात महत्त्वाची. एक उदाहरण देते. एक आई प्लास्टिकची पिशवी घेऊन आली, पिशवीत तीन वेगवेगळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, अर्धवट कापलेल्या गोळ्यांच्या स्ट्रिपा, एक नाव पुसून गेलेली बाटली. मुलगा लिथियमवर (मनाचे तीव्र चढउतार आवरायचं औषध) होता आणि त्याची कंबर दुखते म्हणून गावातल्या डॉक्टरांनी आयबुप्रोफेन दिलेली, दिवसातून तीनदा. त्या डॉक्टरांची चूक कशी म्हणणार, त्यांना लिथियमचं कोणी सांगितलेलंच नव्हतं. आयबुप्रोफेनसारख्या दुखण्याच्या गोळ्यांनी रक्तातलं लिथियम वाढू शकतं, जुलाब होऊन अंगातलं पाणी कमी झालं तरी वाढतं, हात थरथरतात, चालताना तोल जातो, आणि वेळेत लक्षात आलं नाही तर जिवावर बेततं. आता आमच्याकडे लिथियमवर असलेल्या प्रत्येकाच्या चिठ्ठीत खाली लिहिलेलं असतं: दुखण्याची गोळी विचारल्याशिवाय नको, उलटी-जुलाब झाले तर लगेच दाखवा, रक्ततपासणी अमुक महिन्यात. ती ओळ घरचा डॉक्टर वाचतो, फार्मसीवाला वाचतो, आई वाचते.

चिठ्ठी परत आली की नाही ते बघायला रजिस्टर ठेवा. दोन तारखा, गेली कधी आणि परत आली कधी. दुसरा रकाना दोन आठवडे रिकामा दिसला की घरी फोन करायचा, तो फोन कोण करणार त्याचं नाव रजिस्टरवरच लिहून ठेवा. "कोणीतरी करेल" म्हटलं की कोणीच करत नाही.

आणि पाठवताना घरच्यांना हे सांगाच की नैराश्याच्या गोळ्यांचा गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. बरेच लोक दहाव्या दिवशी "काही फरक नाही" म्हणून सोडून देतात आणि मग बांबोळीचं औषध लागू पडत नाही असं गावभर होतं.

5. सगळ्यांनी एकाच मापाने मोजा

शाळेत एक फॉर्म, संस्थेत दुसरा, पीएचसीत तिसरा असेल तर कोणालाच कोणाचं कळत नाही. नैराश्यासाठी पीएचक्यू-9 घ्या: नऊ प्रश्न, गेल्या दोन आठवड्यांबद्दल, प्रत्येकाला 0 ते 3, एकूण 27. साधारण 10 किंवा त्याहून जास्त आलं की नीट तपासायची गरज आहे असं धरतात, पण ते निदान नव्हे आणि पेशंटला आकडा सांगून घाबरवायचं तर मुळीच नाही. दारूसाठी ऑडिट नावाची प्रश्नावली वापरा, दहा प्रश्नांची. आधीच तपासून तयार झालेलं मराठी किंवा कोंकणी भाषांतर मिळवा, पेशंटसमोर बसून स्वतः भाषांतर करू नका, प्रत्येक जण वेगळं करतो आणि मग आकडे जुळत नाहीत.

नववा प्रश्न मरण्याच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. तिथे 0 सोडून काहीही आलं तर त्याच दिवशी, त्याच खोलीत, सरळ विचारा. विचारल्याने माणसाच्या डोक्यात तो विचार येतो अशी भीती नवीन लोकांना असते, तसं होत नाही, उलट बहुतेकांना कोणीतरी विचारलं याचंच बरं वाटतं. त्या दिवशी सोबत कोण झोपणार, घरातली कीटकनाशकं आणि गोळ्या कुठे ठेवायच्या, हे ठरवल्याशिवाय सोडू नका.

6. गुप्तता: कुठे थांबायचं ते आधी ठरवा

एकत्र काम म्हणजे सगळ्यांना सगळं सांगणं असं नाही. 2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा, जो 2018 पासून लागू आहे, त्याचं कलम 23 वाचून ठेवा. उपचारात असलेल्या दुसऱ्या आरोग्य कर्मचाऱ्याला उपचारासाठी लागेल तेवढी माहिती देता येते, कोणाच्या जिवाला धोका असेल तर तो टाळायला लागेल तेवढी देता येते. पंचाला, शिक्षकांना, शेजाऱ्यांना माणसाच्या संमतीशिवाय नाही. शाळेला "तिला परीक्षेत थोडा वेळ जास्त लागेल" एवढं पुरतं, कारण सांगायची गरज नाही.

व्हॉट्सॲप ग्रुप हा सगळ्यात मोठा खड्डा आहे. गाव लहान, "खालच्या वाड्यावरची, नवरा तारवटी (बोटीवर कामाला), दोन मुलगे" एवढं लिहिलं तरी सगळ्यांना कळतं कोण ते. ग्रुपवर फक्त तारखा आणि रजिस्टर नंबर. प्रिस्क्रिप्शनचा फोटो नाही, पेशंटचा फोटो तर कधीच नाही.

संमती पहिल्याच भेटीत घ्या, कोणाकोणाशी बोललं तर चालेल ते त्यालाच विचारा आणि नावं लिहून घ्या. सज्ञान माणसाला स्वतःचा नामनिर्देशित प्रतिनिधी (आजार वाढला तर उपचाराच्या निर्णयात त्याला मदत करणारा) नेमता येतो, साध्या कागदावर लिहून सही किंवा अंगठा, बस्स. हे बरं वाटत असताना करून घ्यावं, त्रास वाढल्यावर घरात भांडणं होतात की निर्णय कोणी घ्यायचा, नवऱ्याने की भावाने.

7. जवळ काय काय असावं

- दोन भागांच्या चिठ्ठ्यांचं पॅड आणि रजिस्टर, रजिस्टर कुलपात
- पीएचक्यू-9 आणि ऑडिट, मराठी, कोंकणी आणि लागेल तिथे हिंदी-कन्नड
- संमतीपत्र आणि नामनिर्देशित प्रतिनिधीच्या कागदाचा नमुना
- आरोग्य संचालनालयाच्या परवानगीची प्रत
- फोन नंबरांचं एक पानाचं कार्ड: 14416, 108, 112, जवळचं पोलीस स्टेशन, पीएचसी
- पेशंटकडून: जुने केसपेपर, सगळ्या गोळ्या स्ट्रिपसकट, आधार, दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड असेल तर ते
- आजार जुना आणि कामावर परिणाम करणारा असेल तर दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडीचा (दिव्यांगांच्या ओळखपत्राचा) अर्ज. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजार येतो, बहुतेक सवलतींना 40 टक्के दिव्यांगत्व लागतं. हे कितीतरी कुटुंबांना कोणी सांगतच नाही

8. केसवर एकत्र बोला, एकमेकांचं काम बघा

महिन्याच्या बैठकीत अर्धा वेळ अडकलेल्या केसेसना द्या आणि अर्धा शिकायला. काउन्सेलर एकटा खोलीत बसून काय बोलतो ते कोणालाच दिसत नाही, त्यामुळे तो चांगलं करतोय की नाही ते त्यालाही कळत नाही. पेशंटची परवानगी घेऊन एखादी बैठक रेकॉर्ड करायची आणि बरोबरीच्या काउन्सेलरांनी ठरलेल्या मुद्द्यांवर गुण द्यायचे, ही पद्धत संगाथच्या कामात वापरली गेली आहे आणि नवीन माणसाला ती खूप लवकर तयार करते. पहिल्या वेळी सगळ्यांनाच अवघड वाटतं. म्हणून सुरुवात सगळ्यात अनुभवी माणसाने आपलं रेकॉर्डिंग ठेवून करावी.

मानसोपचारतज्ज्ञ दर महिन्याला येऊ शकत नाहीत, ते मान्य करा. तीन महिन्यांतून एकदा प्रत्यक्ष आणि मधल्या काळात ठरलेल्या वेळी फोन, एवढं जमलं तरी पीएचसीच्या डॉक्टरांना औषध चालू ठेवायचा धीर येतो.

9. देवळात आधी गेलेली माणसं

प्रसाद लावून (देवाचा कौल घेऊन) आलेले, घाडीकडे (मांत्रिकाकडे) जाऊन आलेले, चर्चमध्ये प्रार्थनेला जाणारे, असे लोक तुमच्याकडे येणारच आणि काही उशिरा येणार. त्यावरून त्यांना बोलू नका. एकदा तुच्छतेने बोललात की ते कुटुंब परत येत नाही आणि शेजारचं कुटुंबही येत नाही. आम्ही उलट काही जाणत्या लोकांकडे जाऊन एवढीच विनंती केली की देवाचं जे काय ते करा, पण चालू गोळ्या बंद करायला सांगू नका, आणि माणूस जेवत नसेल, झोपत नसेल, जीव द्यायचं बोलत असेल तर आमच्याकडे पाठवा. काहींनी ऐकलं. कोणाला बांधून किंवा साखळीने ठेवलेलं दिसलं तर मात्र तिथे तडजोड नाही, कायद्याने त्याला मनाई आहे, डॉक्टरांना लगेच कळवा.

10. रात्रीचं काय ते दिवसा ठरवा

जिवाला धोका असेल तर 108. तातडीच्या वेळी कुठल्याही नोंदणीकृत डॉक्टरला 72 तासांपर्यंत तातडीचे उपचार करता येतात, प्रतिनिधी हजर असेल तर त्याच्या संमतीने, हे मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम 94 पीएचसीत छापून लावा, कारण "आमच्याकडे मानसोपचार नाही" म्हणून रात्री परत पाठवलं जातं. आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या माणसाला घेऊन जायला घरचे पोलीस केसच्या भीतीने उशीर करतात. त्यांना सांगा की याच कायद्याच्या कलम 115 प्रमाणे तो माणूस तीव्र ताणाखाली होता असंच कायदा आधी धरतो, जोवर उलट सिद्ध होत नाही, आणि आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा देणारं जुन्या दंडसंहितेचं कलम 309 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत राहिलेलं नाही. रस्त्यावर भटकणारा माणूस सापडला तर कलम 100 प्रमाणे पोलिसांनी त्याला लॉकअपमध्ये न ठेवता 24 तासांत जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात न्यायचं असतं. ठाण्यातल्या लोकांना हे सांगायला पीएसआयना एकदा बैठकीला बोलवा, वाद घालायला रात्रीची वेळ निवडू नका.

11. तुम्ही निघून जाल तेव्हा

प्रोजेक्ट संपतात, डॉक्टरांच्या बदल्या होतात. म्हणून रजिस्टर पहिल्या दिवसापासून पीएचसीचंच ठेवा, संस्थेच्या ऑफिसात नेऊ नका. प्रत्येक कामाला दोन माणसं नेमा, फोन करायला दोन, बैठक बोलवायला दोन. जायच्या आधी नवीन माणसाला सोबत घेऊन चालू असलेल्या प्रत्येक कुटुंबाला एकदा भेटा, नुसती यादी हातात देऊन चालत नाही, लोक माणसाला ओळखून येतात. पहिल्या पायरीतली वही पुन्हा तपासा, बंद पडलेले नंबर काढा, नवे घाला, आणि तिची एक प्रत डॉक्टरांकडे, एक एएनएमकडे ठेवा.